तुम्ही विचारलंत म्हणून : गोबरगॅस कशानं बंद पडला

बाजारात भेटा, लग्नात भेटा, एसटीच्या थांब्यावर भेटा, दोन वाक्यं झाली की तिसरं हेच: "ताई, तुमच्या गटाचा गोबरगॅस कशानं बंद पडला हो?" मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देत आले. साहेबांना सांगितलं, ढोरं कमी झाली. शेजारच्या गावातल्या बायांना सांगितलं, पाणी नव्हतं. माहेरी सांगितलं, टाकी गंजली. तिन्ही खरं आहे. तरी ते उत्तर नाही.

आधी एक मोकळं करून टाकते. अनुदान कोणी खाल्लं नाही. सगळ्या वह्या माझ्या कपाटात आहेत, ज्याला पाहायच्या त्यानं यावं.

आमच्या बायांच्या गटाचा प्लांट 25 घनमीटरचा होता, 14 घरांच्या स्वयंपाकाचा. एक किलो ओल्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस निघतो, म्हणजे रोज सव्वासहा क्विंटल शेण हवं आणि जवळपास तेवढंच पाणी. एक ढोर दिवसाला दहाएक किलो शेण देतं, पण चरायला गेलं की त्यातलं अर्धं रानातच पडतं. वर आमच्याकडचा हंगाम. शेण कुजवणाऱ्या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब लागते. मे महिन्यात ती फुकट मिळते, तर विहीर खडखडीत. पौषात विहिरीला पाणी असतं, तर रात्री पारा दहाकडे उतरतो आणि गॅस साठला की वर उचलली जाते ती लोखंडी टाकी सकाळी वर यायचं नाव घेत नाही. काहीजण विचारतात, गावात पऱ्हाटीचे, म्हणजे कापूस वेचून झालेल्या वाळक्या झाडांचे, ढीग पडले होते, ती का नाही टाकली? पऱ्हाटी म्हणजे लाकूड आहे. या जिवाणूंना लाकूड पचत नाही. ते वर तरंगतं, साय धरतं आणि कुंडी तुंबते. तिची दाबून जळणाची कांडी होते, गॅस होत नाही.

तर शेण कमी पडत होतं. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात आम्ही ठराव केला: आखरावर, म्हणजे गावाची ढोरं जमतात त्या जागी, आणि रस्त्यावर पडलेलं शेण गटाचं. ग्रामसभेत वाचला, सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. खरं तर तो ठराव मीच लिहिला होता. तेव्हाची मी भाषणात म्हणायची, "हे वाया चाललेलं शेण आहे, कोणाचंच नाही." आज तिला विचारावंसं वाटतं: बाई, कोणाचंच नाही हे तू कोणाला विचारून ठरवलंस?

गावाच्या टोकाला एक आजी राहते. ढोर नाही, वावर नाही. गावाची ढोरं चारणारा गायकी त्यांना घेऊन निघाला की ती मागोमाग टोपलं घेऊन चालायची, शेण गोळा करायची आणि भिंतीवर गोवऱ्या थापायची. तेच तिचं जळतण. ठरावाच्या दिवशी ती सभेत नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

पौषातली सकाळ होती. आदल्या रात्री पाच घरांचा गॅस अर्ध्या भाकरीवर गेला होता आणि बायांनी माझ्या दारात येऊन मला बोलून घेतलं होतं. मी आखरावर गेले तर आजी टोपलं भरून उभी. मी म्हटलं, "आजी, हे गटाचं आहे आता." तिला वाटलं मी मस्करी करते. मी टोपलं तिच्या हातून घेतलं, प्लांटवर नेलं, काट्यावर ठेवलं. 11 किलो भरलं. वहीत लिहिलं आणि कुंडीत ओतलं. ती मागे मागे आली होती. रिकामं टोपलं परत देताना मी तिला समजावलं, जे सगळ्यांना समजावायची तेच: गोवरी जाळली की खत जळतं, गोबरगॅसमध्ये गॅसही मिळतो आणि मागे उरलेल्या मळीत खतही राहतं, तुम्हाला दोन घमेली मळी देते.

आजी म्हणाली, "मले मळी काय करायची सूनबाई? माह्याजवळ वावर हाय का?"

मला उत्तर आलं नाही. मी तरीही वहीत सही घेतली, म्हणजे तिचा अंगठा. का घेतला, आजही सांगता येत नाही. 11 किलोचा मिळतो किती गॅस? जेमतेम अर्धा घनमीटर. एका घरचा एका वेळचा स्वयंपाक.

महिनाभरानं तिच्या घराकडून गेले, तर कुडाला भगदाड. तुराट्या एकेक ओढून ती चुलीत घालत होती. आपल्याच घराची भिंत. माझ्याकडे पाहिलं, बस म्हणाली, पाणी दिलं. एक शब्द बोलली नाही.

मी तिला जोडणी द्यायचा खटाटोप केला, हेही लिहून ठेवते. पण गोबरगॅसला दाबच इतका कमी असतो की लांब पाइपात तो मरतो, त्यात पाणी साचतं. शेवटच्या घरी ज्योत लुकलुकायची. तिचं घर त्याच्याही पलीकडे. गोठे ज्यांचे, गॅस त्यांच्याच जवळ.

मग मी ठराव मागे घ्यायला लावला. गट फुटला तो तिथं. आजीला मोकळीक, तर आम्हाला का नाही, म्हणत एकेकीनं शेण घरी ठेवायला सुरुवात केली. दोन हिवाळ्यांत टाकी खाली बसली ती उठली नाही. एक बाई मला तोंडावर म्हणाली, "एका बुढीसाठी तू चौदा घरांच्या चुली पुन्हा पेटवल्या, धुरानं आमचे डोळे गेले." तिचं खोटं नाही. मी धुरात वाढले आहे, मला माहीत आहे ती काय म्हणते. कधी वाटतं, ठराव ठेवायला हवा होता आणि आजीला रोज अकरा किलोची लाकडं द्यायला हवी होती. मग वाटतं, तीही मीच ठरवणार होते का?

आता नवा प्रश्न आला आहे: पऱ्हाटीच्या कांड्यांचं यंत्र बसतंय, ताई तुम्ही अध्यक्ष व्हा. कल्पना खोटी नाही. बांधावर ढीग राहिले की त्यात गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते. पण ज्यांना वावर नाही त्या बाया शेतकऱ्याची पऱ्हाटी उपटून देतात आणि बदल्यात तीच डोक्यावर घरी नेतात. वर्षभराची चूल त्यावर. मागच्या आठवड्यात मी दारोदार फिरून मोजलं. अशी 37 घरं आहेत. परवाच्या बैठकीला त्या सगळ्या बायांना मी स्वतः जाऊन निरोप दिला. आजीलाही दिला. ती म्हणाली, "येतो, पण अंगठा नाही देत."