जर्मनीतलं ताट आणि गोळ्यांचा खण

जर्मनीत दोन-तीन वर्षं काढलेल्या मराठी घरातला औषधांचा खण उघडला तर साधारण हेच सापडतं: डीएम किंवा रोसमान या इथल्या दुकानसाखळ्यांमधली मल्टिव्हिटॅमिनची फेसाळणारी गोळी, केसांसाठी बायोटिन, भारतातून आणलेली व्हिटॅमिन डीची पाकिटं, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल आणि अर्धवट संपलेला च्यवनप्राश. यातल्या बहुतेक वस्तूंची गरज नसते. दूध-दही खाणाऱ्या शाकाहारी माणसाला इथे हमखास लक्ष द्यावं लागतं ते तीनच गोष्टींकडे: व्हिटॅमिन डी, बी12 आणि आयोडीन. बायकांसाठी चौथं लोह. बाकीचं ताटातून मिळतं, आणि ते ताट इथल्या दुकानांतल्या सामानावर मांडता येतं.

आधी डी. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे, म्युनिक अठ्ठेचाळीसवर आणि हँबुर्ग साडेत्रेपन्नवर. ऑक्टोबर ते मार्च इथे सूर्य इतका खाली असतो की ज्या किरणांनी त्वचेत डी तयार होतं ते जमिनीपर्यंत पुरेसे पोचतच नाहीत. फेब्रुवारीत लख्ख ऊन पडलं म्हणून बाल्कनीत बसलात तर मन प्रसन्न होईल, डी वाढणार नाही. आपल्या सावळ्या त्वचेला उन्हाळ्यातही गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. जर्मन पोषण संस्था त्वचेत डी बनत नसेल तेव्हा दिवसाला 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे 800 आययू (आंतरराष्ट्रीय एकक), धरते आणि इथल्या साध्या गोळ्याही याच सुमाराच्या असतात. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रोज एक गोळी, जेवणासोबत घ्यायची, कारण डी स्निग्धात विरघळतं. नुसत्या काळ्या चहाबरोबर घेतलेली गोळी तितकी शोषली जात नाही.

घोटाळा होतो तो भारतातून आणलेल्या पाकिटांमुळे. आपल्याकडे कमतरता निघाली की डॉक्टर 60,000 आययूचं पाकीट आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे देतात. तेच पाकीट इथे आलं की कोणी ते रोज घेतं, कोणी आठ आठवडे संपल्यावरही वर्षभर चालू ठेवतं. प्रौढांसाठी रोजची सुरक्षित वरची मर्यादा 4,000 आययू आहे. त्याच्या पंधरापट रोज गेलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. मग सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, लघवीला वारंवार जाणं आणि पुढे मूत्रपिंडाला त्रास. लोक याला ‘हवामान सोसत नाही’ म्हणतात आणि आणखी एक टॉनिक सुरू करतात.

रिपोर्ट वाचतानाही एकक बघा. भारतातल्या लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आकडा देतात, इथे पुष्कळदा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये मिळतो. पहिल्याला अडीचने गुणलं की दुसरा येतो. पुण्यातले 20 आणि इथले 50 एकच. ‘अरे वा, डी दुपटीहून वाढलं’ हा आनंद अनेकांचा असाच असतो. लक्षणं नसताना ही तपासणी इथला सरकारी विमा सहसा देत नाही, स्वतःच्या खर्चाने करावी लागते.

मासे खाणाऱ्यांना थोडी सूट. हेरिंग आणि बांगडा हे डीचे चांगले स्रोत, आणि धुरावलेला बांगडा इथे प्रत्येक सुपरमार्केटात मिळतो. तो आमटीत घालू नका, खारट आणि धुरकट होतो. काटे काढून, कांदा-मिरची-लिंबू लावून भाताबरोबर खा. वाळवलेल्या बोंबलांची हौस असेल तर मासळी माणशी 20 किलोपर्यंत स्वतःसाठी आणता येते. शेजाऱ्यांच्या नाकाचा प्रश्न वेगळा.

बी12चं गणित डीपेक्षा सरळ आहे, पण लोक तिथेच फसतात. इथला रोजचा अंदाज 4 मायक्रोग्रॅम. शंभर मिलिलिटर दुधात जेमतेम 0.4 असतं. म्हणजे दोन कप चहातलं दूध आणि वाटीभर दही धरूनही गाडी निम्म्यापर्यंत पोचत नाही. त्यात हल्ली बरेच जण ओटच्या दुधावर, इथल्या हाफरड्रिंकवर, जातात. त्यात बी12 घातलेलं असेल तर ठीक, पण ज्या खोक्यावर ‘बिओ’, म्हणजे सेंद्रिय, लिहिलंय त्यात ते नसतं. युरोपच्या सेंद्रिय नियमांत अशी वरून जीवनसत्त्वं घालायला परवानगी नाही. त्यामुळे आरोग्याच्या विचाराने महागडं बिओ ओट-दूध घेणारा बी12च्या बाबतीत तोट्यात राहतो. स्पिरुलिनावर विसंबू नका, त्यातलं बी12सारखं दिसणारं द्रव्य शरीराला वापरता येत नाही.

गोळीवर 500 किंवा 1000 मायक्रोग्रॅम बघून घाबरायचं कारण नाही. आतड्यातली नेहमीची वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेते. त्यावरच्या डोसातलं जेमतेम एक टक्का नुसतं झिरपून जातं. म्हणून मोठी गोळी आठवड्यातून दोनदा किंवा छोटी रोज, दोन्ही चालतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा पित्ताची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर बी12 आणखी खाली जातं, हे हाउसआर्त्स्टला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, आवर्जून सांगा. हातापायाला मुंग्या येत असतील तर आधी रक्त तपासा, गोळी नंतर सुरू करा. आधी गोळी घेतली तर आकडा चांगला येतो आणि कारण सापडत नाही. पाकिटावर जिलेटिन आहे का तेही पाहा. कॅप्सूल आणि चघळायच्या अस्वलछाप गोळ्यांत ते बहुधा प्राण्यांचं असतं. डी3 सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. तेही नको असेल त्यांच्यासाठी दगडफुलाच्या जातीपासून केलेलं मिळतं.

आयोडीनकडे कोणी बघतच नाही, कारण भारतात मीठ आयोडीनयुक्तच मिळतं. इथे तशी सक्ती नाही. पुड्यावर ‘योडझाल्त्स’ लिहिलेलंच मीठ घ्या. ते किलोला 15 ते 25 मिलिग्रॅम आयोडीनचं असतं. गुलाबी हिमालयन मीठ दिसायला छान, आयोडीन नगण्य. पण भरपाई म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ नका, त्यांत आयोडीन इतकं कमी-जास्त असतं की थायरॉइड उलट बिघडतं.

आता ताट. तूरडाळ भारतीय दुकानातच मिळेल, पण ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे आपली मसूरडाळ, कोपऱ्यावरच्या दुकानातही असते. पिठाची मात्र फसगत ठरलेली. टाइप 405 म्हणजे जवळपास मैदा, त्याची पोळी गार झाली की चामड्यासारखी होते. आपली कणीक चक्कीत बारीक दळलेली असते आणि पाणी जास्त पिते. इथलं फोलकोर्न, म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ, जाडसर असतं, एकट्याची पोळी फाटते. निम्मं फोलकोर्न, निम्मं टाइप 550, चमचाभर तेल, पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि मळून किमान अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा भिजायला तेवढा वेळ लागतोच. काचेच्या शेगडीवर आच नसते, तेव्हा पोळी तव्यावरच कापडाने कडेकडेने दाबून फुगवायची. इंडक्शन असेल तर घरून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर आणि तवा दोन्ही निकामी. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच बॅगेत भरा.

छोले-राजमा तास-तास शिजूनही कडक राहतात ते पाण्यामुळे. म्युनिक आणि बर्लिनचं पाणी जड आहे आणि त्यातलं कॅल्शियम कडधान्याची साल मऊ होऊ देत नाही. भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, ते पाणी ओतून द्या, शिजवायला गाळणीच्या जगमधलं पाणी वापरा, आणि टोमॅटो-चिंच मऊ झाल्यावरच घाला. किटलीत साचलेला पांढरा थर दोन चमचे लिंबूसत्त्व घातलेलं गार पाणी न उकळता थोडा वेळ ठेवलं की निघतो.

दह्याची तक्रार हिवाळ्यात सुरू होते. घरात एकोणीस-वीस अंश, विरजण बसून राहतं. ताजं 3.5 ते 3.8 टक्क्यांचं दूध उकळी येईपर्यंत तापवा आणि बोट सहज ठेवता येईल इतकं, साधारण 43 ते 45 अंशांवर, आणा. अर्ध्या लिटरला एक चमचा साधं दही घुसळून मिसळा. पुड्यावर ‘मिल्ड’ लिहिलेलं दही विरजणाला घेतलं तर दही लागतं, पण आपल्यासारखं आंबट होत नाही. भांडं बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून सहा ते आठ तास ठेवा. नव्या ओव्हनमध्ये एलईडी दिवा असतो, तो तापतच नाही आणि सकाळी आत कोमट दूधच भेटतं. तसं असेल तर थर्मासमध्ये लावा, किंवा भांडं गरम पाण्याच्या पिशवीसह जाड टॉवेलात गुंडाळा. हलवलं तर पाणी सुटतं, तेव्हा मध्ये उघडून बघायचा मोह आवरा.

क्वार्क म्हणजे इथला चक्काच म्हणा. मागरक्वार्कच्या, म्हणजे बिनसायीच्या क्वार्कच्या, 250 ग्रॅमच्या डब्यात तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, प्रथिनांची पावडर विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. कॅल्शियम मात्र दुधाहून फारसं जास्त नाही, बरंचसं निवळीबरोबर निघून जातं. श्रीखंडाला 40 टक्क्यांचा घ्या, मागर रवाळ लागतो. कडक शाकाहारी असाल तर चीजवर ‘मिक्रोबिएलेस लाब’, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं विरजण, शोधा. पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं विरजणच वापरतात.

तूप भारतातून आणायला बंदी आहे. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणता येत नाहीत, पेढे-खवाही त्यातच आले. घरी कढवा. ‘झाउअररामबुटर’ घ्या, म्हणजे विरजलेल्या सायीचं लोणी. 250 ग्रॅममधून दोनशेच्या आसपास तूप निघतं आणि वास आपल्यासारखा येतो. विकतचं बुटरश्मात्स बेरी तांबूस होऊ न देता काढतात, म्हणून ते खमंग लागत नाही. कढीपत्त्याचे ताजे डहाळे रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय आणता येत नाहीत. नारळ चालतो.

लोहासाठी पोह्यांवर लिंबू पिळा आणि चहा तासाभराने घ्या. पोहे-चहा ही जोडी चवीला कितीही चांगली असली तरी चहातली टॅनिन लोह अडवतात. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून मगच गोळी घ्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवा. इसबगोल इथे ‘फ्लोझामेनशालेन’ नावाने डीएममध्ये मिळतं. ते भरपूर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून लांब ठेवून घ्यायचं.

‘नैसर्गिक’ म्हटलं की आपली सावधगिरी सुटते, आणि हा खणाचा सगळ्यात धोकादायक कोपरा आहे. बोस्टन परिसरातल्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं 2004मध्ये तपासली तेव्हा 14मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. भस्म किंवा रस शब्द असलेली औषधं ओळखीच्या वैद्याशिवाय घेऊ नका, गरोदरपणात तर मुळीच नको. अश्वगंधेवर डेन्मार्कने 2023मध्ये बंदी घातली. थायरॉइड आणि यकृताचा आजार असलेल्यांनी ती टाळावी. भाजीतली हळद निर्धोक, पण मिरीतलं पायपरीन घालून तीव्रता वाढवलेल्या अर्काच्या कॅप्सूलने क्वचित यकृत सुजतं. साखर कमी व्हावी म्हणून रोज चमचाभर दालचिनी खाणाऱ्यांनी ती जाड सालीची कॅशिया आहे की पातळ गुंडाळीची सिलोनची हे बघावं. कॅशियात कुमारिन जास्त असतं आणि साठ किलोच्या माणसाला रोज दोन ग्रॅमवरच मर्यादा गाठली जाते. चहात कधीतरी पडणाऱ्या तुकड्याची काळजी नको.

इथली स्वतःची ‘नैसर्गिक’ औषधंही आहेत. हिवाळ्यातल्या उदासीसाठी विनाचिठ्ठी मिळणारं योहानिसक्राउट (सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती) गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांचा परिणाम घालवतं. काळं लाक्रिट्स म्हणजे ज्येष्ठमध, रोज मूठभर चघळलं तर रक्तदाब चढतो. आणि बायोटिन: जड पाण्याने केस गळतात म्हणून घेतात, त्याचा केसांना फायदा क्वचितच, पण थायरॉइडच्या तपासणीचे आकडे मात्र खोटे येतात. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

औषधं आणायची असतील तर स्वतःच्या तीन महिन्यांच्या गरजेइतकी, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, सोबतच आणा. घरच्यांना पार्सलने पाठवायला सांगू नका, युरोपबाहेरून टपालाने आलेली औषधं कस्टममध्ये अडकतात आणि सुटत नाहीत. रविवारी दुकानं बंद असतात, पण आपोटेकेच्या, म्हणजे औषधाच्या दुकानाच्या, दारावर जवळचं कोणतं आपोटेके उघडं आहे त्याची पाटी लावलेली असते.