गवतात निजलेलं पाडस

३ जून

सकाळी कुंपणाकडच्या गवतात पाय टाकणार, तोच थबकले. वाळक्या पाचोळ्यावर ऊन पडलंय असं वाटलं होतं. मग त्या कवडशांमध्ये एक काळा डोळा दिसला. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं पाडस, फार तर दोन दिवसांचं, मान जमिनीला चिकटवून पडलेलं. नाकावर माशी बसली तरी हललं नाही.

आणि मी जे करू नये नेमकं तेच करायला निघाले. आईनं टाकलं बिचाऱ्याला, म्हणत घरात धावले आणि दूध कोमट करायला ठेवलं. तेवढ्यात शेजारचे आजोबा आले. उभी हयात शिकारीत गेलेला माणूस. त्यांनी आधी शेगडी बंद करायला लावली. गायीच्या दुधानं त्याला हगवण लागेल, म्हणाले, आणि आई इथंच कुठंतरी आपण जायची वाट बघत असेल. ती दिवसातून मोजक्या वेळा येते, पाजते, त्याची शी-शू चाटून साफ करते आणि दूर निघून जाते. जवळ थांबली तर तिच्या वासावर कोयोटी, इथले लांडग्यासारखे शिकारी प्राणी, येतील. पाडसाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. जुळी असली तर दोघांना वेगवेगळ्या जागी लपवते.

धोका जवळ आला की पाडसाच्या काळजाचे ठोकेसुद्धा मंदावतात, हे मात्र मी रात्री वाचलं. म्हणजे माझ्यापुढे ते निवांत पडलं नव्हतं. भेदरलं होतं.

५ जून

आजोबांचं वर्ष उलटं चालतं. नोव्हेंबरच्या मध्याला माज, गाभणकाळ साधारण २०० दिवसांचा, म्हणून जूनचा पहिला आठवडा. बोटांवर मोजून दाखवलं. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत वितात. एकदम इतकी पाडसं आली की अस्वलं आणि कोयोटी खाऊन खाऊन किती खाणार?

या दिवसांत ते रानाच्या कडेनंच चालतात, आत जात नाहीत. मचाणाची डागडुजीसुद्धा ऑगस्टवर ढकललेली. माद्या मोजतात, कुणामागे किती पाडसं फिरतात ते बघतात, आणि शरदात किती मारायच्या ते ठरवतात. जीव मोजणं आणि मारायचे ठरवणं एकाच वहीत. मला ते पचत नाही, पण वही इतकी काळजीपूर्वक लिहिलेली आहे की नावही ठेवता येत नाही.

मग न विचारताच त्यांनी एक गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी, हंगामाच्या अगदी शेवटी, जानेवारीत, त्यांनी एक मादी पाडली. सोलताना पोटात दोन जीव निघाले, बोटांएवढे. तेव्हापासून डिसेंबरनंतर ते मादीवर बंदूक रोखत नाहीत. हिशेबानं पाहिलं तर यात काही अर्थ नाही, हे तेच म्हणाले. नोव्हेंबरात मारली काय, जानेवारीत मारली काय, जूनमध्ये ती नसणारच. मी मान हलवली. दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. चहा निवला.

९ जून

रस्त्यावर गेल्या वर्षीची पाडसं बावचळल्यासारखी फिरताहेत. विण्याआधी आईनं हाकलून लावलेली. गाडी हळू चालवायची.

१४ जून

उद्या चाऱ्याची कापणी. पहिल्या आठवड्यातलं पाडस पळत नाही, यंत्र अंगावर आलं तरी दडूनच राहतं. म्हणून आजोबांनी आज संध्याकाळी शेतात काठ्या रोवून त्यांवर जुने सदरे टांगले. फडफड बघून मादी रात्रीतून पिलं हलवते म्हणे. आजोबांचा एक सदरा इतका विटका होता की मीच त्याला बिचकले.

१५ जून

पहाटे दोघं रांगेत चालत गेलो, दव गुडघ्यापर्यंत. काही सापडलं नाही. शेवटी ओढ्याकडच्या कोपऱ्यात गवत गोल दबलेलं होतं, ताटलीएवढं. आजोबांनी हात लावून बघितलं. ऊब होती की नाही, ते बोलले नाहीत. ट्रॅक्टर आला तेव्हा ते त्या कोपऱ्यापुढे जाऊन उभे राहिले आणि चालवणाऱ्याला हातानं वळसा दाखवला.

दुपारी बघितलं तर सगळं शेत तासलेलं, आणि ओढ्याकाठी गवताचा एक उंच, वेडावाकडा तुकडा तेवढा उभा.