फक्त पहिलं अक्षर

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. शेतीपंपाचे ऑटो स्विच हा मूळ धंदा. बोलायला मदत करणारं यंत्र आपण करू, असं आम्हा नवरा-बायकोच्या मनातही नव्हतं. ते आलं घरातल्या दुखण्यातून.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही. समोरच्याचं सगळं कळायचं, पण जेवताना मीठ हवं असलं तर ‘मीठ’ हा शब्द येईना. ‘ते... ते...’ करत ताटाकडे बघायचे आणि डोळे भरून यायचे. संध्याकाळी गणपतीची आरती मात्र न अडखळता म्हणायचे! मिरजेच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी उलगडा केला. याला वाचाघात म्हणतात. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी डाव्या मेंदूचा जो भाग बोलण्याशी जोडला, तिथं इजा झाली की असं होतं. शब्द आत असतो, बाहेर यायला वाट सापडत नाही. बाई ओठ मिटून नुसतं ‘मी...’ म्हणायच्या आणि अण्णा ‘मीठ’ म्हणायचे. पण बाई आठवड्यातून दोनच तास. उरलेल्या वेळी ते ‘मी...’ कोण म्हणणार?

पहिले आठ महिने आम्ही चुकीच्या वाटेनं गेलो. अण्णांचं बोलणं यंत्रानं ओळखायचं आणि पुढचा शब्द सुचवायचा, असा बेत होता. आवाज ओळखणारी मॉडेल्स, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम, सरळ, सलग बोलण्यावर तयार झालेली असतात. अण्णा थांबले की मॉडेलला वाटायचं, वाक्य संपलं. कधी तर शांततेतच कुणी न बोललेलं वाक्य पडद्यावर उमटायचं. शेवटी ह्यांनी बाजू उलटवली : अण्णांचं नको, विचारणाऱ्याचं ऐकू. ‘भाजीत काय कमी आहे?’ हे स्पष्ट ऐकू येतं आणि उत्तराचे शब्द पाच-सहाच उरतात. ‘जेवलासा का?’, ‘काय करालाय?’ ही आमची बोली मॉडेलला कळेना, म्हणून घरोघरचं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड केलं. प्रत्येक पेशंटची 300 शब्दांची यादी घरच्यांबरोबर बसून करतो. त्यात नातवंडांची नावं असतात, गोळ्या असतात, तंबाखूही असते. सगळं काम खिशातल्या फोनवरच चालतं, इंटरनेटवर काही जात नाही. घरातलं बोलणं घरातच राहिलं पाहिजे, यावर आम्ही ठाम आहोत.

खरी अडचण वेळेची होती. दोन सेकंद गप्प राहिले की यंत्र कानात शब्द सांगायचं. अण्णांनी ते उपटून फेकलं. त्यांचे एक मित्र रोज संध्याकाळी येतात. उमेदीत हौशी नाटकांना विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करायचे, म्हणजे अडलेल्या नटाला हळूच पुढचे शब्द सांगायचे. सांगलीत अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात. ते म्हणाले, ‘सूनबाई, नट थांबला म्हणजे विसरला असं नसतं. त्याच्या मानेकडं बघायचं. आणि द्यायचंच तर अख्खं वाक्य नाही, तोंड फुटेल एवढंच द्यायचं.’ त्या दिवशी यंत्र बदललं. आता घशातून बारीकसा जरी आवाज येत असला तरी ते गप्प राहतं. किती वेळ थांबायचं हे माणसागणिक ठरतं, अण्णांचे सात सेकंद आहेत. मग फक्त पहिलं अक्षर, तेही घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात. मशीनच्या आवाजाला अण्णा दाद देत नव्हते, नातीच्या ‘मी...’ला लगेच दिली.

दुसरा धडा यंत्र कपड्याला लावायच्या क्लिपचा. पहिली क्लिप लावायला दोन हात लागायचे, आणि आमच्या बहुतेक पेशंटांचा उजवा हात चालत नाही. मग लोहचुंबक लावलं. पेसमेकर असलेल्यांना ते छातीशी चालणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी गळ्यात घालायची दोरी केली.

आज 31 घरांत यंत्र आहे. थेरपिस्टनं तपासल्याशिवाय आम्ही ते देत नाही, कारण हे थेरपीच्या जागी नाही, दोन भेटींच्या मधल्या दिवसांसाठी आहे. पैसा अजून ऑटो स्विचमधूनच येतो.

जतकडच्या एका आजींच्या घरी निम्मं बोलणं कन्नडमध्ये चालतं. त्यांच्या नातीनं 60 कन्नड शब्दांची पहिली अक्षरं स्वतःच्या आवाजात पाठवली आहेत. ह्या आठवड्यात ती बसवून रविवारी आम्ही जतला निघालो आहोत.