सी/फा ते फाटक

आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर अमळनेरच्या पुढे, सुरत लाइनीलगतच्या एका गावात होतं. सातातला एक दिवस रेल्वे फाटकासाठी राखून ठेवलेला. मी शिकवतो भौतिकशास्त्र, पण कार्यक्रम अधिकारी असल्यामुळे भोंगा माझ्या हातात. फलक, पत्रकं, शिट्ट्या असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही सकाळी आठला फाटकावर हजर झालो.

पहिले दोन तास पार वाया गेले. बंद फाटक उघडलं तर रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, मोडलं तर पाच, हे मी घसा फोडून सांगत होतो आणि लोक माझ्या पत्रकावर तंबाखू मळत होते. कापसानं टम्म भरलेले ट्रॅक्टर, दुधाच्या कॅन लटकवलेल्या मोटरसायकली, सायकलवरची पोरं. फाटक पडलं की दुचाकीवाले दोन्हीकडून अख्खा रस्ता व्यापून उभे राहायचे. मग फाटक उघडताच सगळे समोरासमोर, आणि मधोमध एखादा ट्रॅक्टर बरोबर रुळांवर अडकलेला. गेटमन शिव्या घालत एकेकाला मागे रेटायचा. तो तरी काय करणार? फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय तिथं गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे इथं एकानं घुसखोरी केली की तिकडे गाडी खोळंबते.

साडेदहाच्या सुमारास नंदुरबारकडची पॅसेंजर गेली. शेवटचा डबा पुढे सरकला न सरकला तोच सगळ्यांनी गाड्यांना किक मारल्या. फाटक काही उघडेना.

"आते गाडी गयी ना! उघाड ना भो!" एक आप्पा सायकलीवरून ओरडले.

"दुसरी येई राहिनी, आप्पा."

"कथी दुसरी? मन्हा जलम गया आठे!"

आणि सायकल आडवी करून आप्पा दांडीखाली वाकले. आमच्या एका पोरीनं त्यांचं कॅरिअर मागून धरून ठेवलं. फलकबिलक टाकून दिला होता तिनं. पॅसेंजरच्या शेपटाआडून, उलट दिशेनं, मालगाडीचं इंजिन बाहेर पडलं. आप्पांनी सायकल मागे घेतली आणि कोणाकडेच न बघता धोतराचा सोगा झटकत बसले.

आप्पा बेफिकीर होते असं मला नाही वाटत. ही लाइन शंभराहून अधिक वर्षं एकेरी होती. गाडी गेली की रस्ता मोकळा, हे त्यांच्या बापापासून चालत आलेलं. दुसरा रूळ काही वर्षांपूर्वी पडला. जमिनीवर पडला, सवयीत नाही पडला.

मी भोंगा बंद केला. गेटमन म्हणाला, "सर, कायदा सगळ्यांना माहितीय. त्यांना वाटतं, गाडी दिसते ना आपल्याला, मग झालं."

दिसते हे खरंच. फाटकापासून ६०० मीटरवर 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी असते: सीटी वाजवा, पुढे फाटक. सरळ लाइनीवर ती फाटकातून दिसते. मी पोरांना म्हटलं, भाषण पुरे, आता पैज लावा. इंजिन त्या पाटीशी आलं की फाटकात यायला किती सेकंद? थांबलेल्या प्रत्येकाला विचारायचं आणि मोबाइलवर वेळ मोजायची.

त्यानंतर गर्दी हलेना. कोणी दीड मिनिट म्हणे, कोणी एक. "कमीत कमी चाळीस," असं एक ट्रॅक्टरवाला ठामपणे म्हणाला. मी मनात तीस धरले होते. एक्स्प्रेस आली. एकवीस! ट्रॅक्टरवाल्याला वाटलं पोरांनी बटण उशिरा दाबलं. पुढच्या गाडीला त्यानं स्वतःच्या मोबाइलवर मोजलं. बावीस.

मग मात्र मी तिथल्या तिथं, धुळीत काडीनं, गणित मांडलं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. ६०० ला अठ्ठावीसनं भागा. पण डोळ्याला हे कळत नाही, त्याचं कारण वेगळंच आहे. गाडी समोरून सरळ येते तेव्हा तिचा आकार आधी अगदी सावकाश वाढतो, ती जागीच उभी असल्यासारखी वाटते, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगते. त्यात ती अवाढव्य. मोठी वस्तू आपल्याला नेहमी संथ वाटते. मालगाडीला तर ब्रेक लावूनही थांबायला एखादा किलोमीटर सहज लागतो. म्हणजे पाटीशी असताना चालकानं तुम्हाला पाहिलं, तरी त्याच्या हातात हॉर्नशिवाय काही उरत नाही. मी वीस वर्षं सापेक्ष गती शिकवतोय, पण माझाही अंदाज नऊ सेकंदांनी चुकला होता, हे मी पोरांना सांगितलं नाही. इथं सांगतोय.

आप्पा दुपारपर्यंत तिथंच होते. नव्यानं येणाऱ्याला अडवून विचारायचे, "सांग भो, कितला सेकंद?" उत्तर चुकलं की खूश. सगळेच ऐकले असं नाही. एक मोटरसायकलवाला बायको-लेकरासकट खालून गेलाच, आम्ही बघत राहिलो.

संध्याकाळी टेम्पोतून परत निघालो तर फाटक बंद. गाडी गेली, ड्रायव्हरनं गिअर टाकला. मागून पोरी एकदम ओरडल्या, "दुसरी!" त्यानं इंजिन बंद केलं, पाय बाहेर सोडले आणि कोळशाच्या मालगाडीचे डबे मोजत बसला. अठ्ठावन्न, आणि मागं गार्डचा.