आमची वाटचाल : तेवीस बाय छत्तीस

बाबांनी 1978 साली पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर बाइंडिंगचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायचा एक लोखंडी शिकंजा, हाताने फिरवायचं एक जुनं कटिंग मशीन आणि आईच्या हातची खळ. मैद्याची खळ आई घरीच शिजवायची. त्यात थोडा मोरचूद घालायची, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, त्यामुळे खळीच्या पातेल्याला घरातल्या दुसऱ्या कुठल्या कामासाठी हात लावायचा नाही, असा कडक नियम होता. मी लहानपणी एकदा त्यात बाहुलीचा चहा केला होता. तेव्हा खाल्लेला मार अजून लक्षात आहे.

कामं साधीच. शाळांची हजेरीपुस्तकं, व्यापाऱ्यांच्या खतावण्या, वकिलांचे जाडजूड रिपोर्ट आणि वाचनालयांची फाटकी पुस्तकं. या शेवटच्या कामात पैसा सगळ्यात कमी होता, पण आमचं शिक्षण त्यातच झालं. शेकडो पुस्तकं उसवून परत बांधली की ती कुठून मरतात ते कळतं. कव्हर फाटून मेलेलं पुस्तक क्वचित दिसायचं. पाठ मोडलेली असायची, दोरा कुजलेला असायचा, नाहीतर पिना गंजून पानांना तांबडी भोकं पडलेली असायची.

मी 1996 साली बी. कॉम. होऊन गल्ल्यावर बसले. बाबांना हिशेब बघायला कोणीतरी हवं होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं, इतकीच ती कथा. जुजबंदी, म्हणजे पुस्तक दोऱ्याने शिवणं, मला शिकवली ती आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींनी. घडी घातलेलं छापील शीट म्हणजे फर्मा. त्यांचं बोट फर्म्याच्या घडीत आणि सुई बाहेर, असं न बघता चालायचं. मेण लावलेला दोरा त्या प्रत्येक टाक्याला ओढायच्या, पण घडीच्या रेषेत, तिरका नाही. तिरका ओढला की घडी फाटते. सोळा फर्म्यांच्या पुस्तकाच्या दिवसाला वीस-बावीस प्रती त्या शिवायच्या. मी पहिल्या दिवशी तीन शिवल्या. त्यातल्या दोन बाबांनी संध्याकाळी मुकाट्याने उसवल्या.

मग प्रकाशकांकडून राजआवृत्त्यांची कामं येऊ लागली. मोठा आकार, चित्रं, कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, क्रमांक घातलेल्या प्रती, प्रकाशनपूर्व सवलत. साध्या कादंबरीच्या मानाने मजुरी बरी आणि नावही होतं. आम्ही खूश. या खुशीतच 2009 चा घोटाळा झाला. तो जरा सविस्तर सांगते, कारण आमचं दुकान आज जे काही आहे ते त्या फजितीनंतरचं आहे.

पुस्तक 256 पानांचं, आकार डेमी 1/4, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या दुप्पट, प्रती 500. छपाई आणि बांधणी दोन्ही आमच्याकडे. छपाई आम्ही ओळखीच्या प्रेसमधून करून घेत होतो. कागद 23 बाय 36 इंचांचा. एका शीटवर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं, म्हणजे एका प्रतीला सोळा शीट. रिम म्हणजे पाचशे शीट, म्हणून पाचशे प्रतींना सोळा रिम, वर वेस्टेज. आमच्या नेहमीच्या डेमी 1/8 च्या कादंबऱ्याही 23 बाय 36 वरच व्हायच्या. त्यामुळे कागदवाल्याला फोन केला, "नेहमीचाच द्या, फक्त एकशेवीस जीएसएम." म्हणजे जरा जाड. त्याने नेहमीचाच दिला. त्याची काही चूक नाही.

कागद बनताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेला आडवे पडतात. त्या दिशेला आपल्याकडे सगळे ग्रेन म्हणतात. ओल लागली की तंतू जाडीत फुगतो, लांबीत फारसा नाही. ग्रेन पुस्तकाच्या पाठीला समांतर असेल तर पान रुंदीत किंचित वाढतं. तिकडची कड मोकळीच असते, कुणाला पत्ता लागत नाही. ग्रेन आडवा असेल तर पान उंचीत वाढायला बघतं. पण पाठीला ते शिवलेलं आणि चिकटवलेलं असतं, तिथे वाढायला जागा नाही. मग ते लाटा घेतं.

आता गणित बघा. डेमी 1/8 मध्ये पानाची उंची शीटच्या छत्तीसच्या बाजूवर बसते, म्हणून ग्रेनही छत्तीसच्या बाजूने लागतो, लाँग ग्रेन. डेमी 1/4 मध्ये त्याच शीटवर पानाची उंची तेवीसच्या बाजूवर येते. तिथे शॉर्ट ग्रेन पाहिजे. शीट तेच, रिम तेच, दिसायला काडीचा फरक नाही. आम्ही सोळाच्या सोळा रिम चुकीच्या ग्रेनवर छापून बसलो.

श्रावणात बांधणी झाली. पहिल्या साठ प्रती शिकंज्यातून काढल्या आणि मावशी म्हणाल्या, "ताई, ह्ये पापडासारखं का झालंय?" खरंच, पाठीजवळ प्रत्येक पानाला लाटा. पुस्तक उघडलं की पान पडायचं नाही, कमानीसारखं उभं राहायचं. जाड कागदाने ते आणखी वाईट केलं. पातळ कागद निदान लवतो. बाबांनी एका कोऱ्या शीटची कड दोन नखांमध्ये धरून ओढली, मग दुसरी. एक कड सरळ राहिली, दुसरीला झालर आली. झालर येते ती ग्रेनला आडवी कड. दहा सेकंदांची परीक्षा. ती छपाईच्या आधी करायची असते.

उपाय नव्हता. उरलेल्या प्रतींना खळ कमीत कमी लावली, एंड पेपर, म्हणजे कव्हरच्या आतून चिकटणारे कागद, योग्य ग्रेनचे घातले, शिकंज्यात दुप्पट दिवस ठेवल्या. लाटा कमी झाल्या, गेल्या नाहीत. आम्ही बांधणीची मजुरी घेतली नाही आणि कागदाचे अर्धे पैसे सोडले. प्रकाशकांनी भांडण केलं नाही. नंतरची तीन वर्षं काम मात्र दिलं नाही.

तेव्हापासून कागद आला की प्रत्येक रिममधून एक पट्टी कापून पाण्यावर सोडायची, असा शिरस्ता आहे. पट्टी ज्या दिशेला सुरळी होते, त्या सुरळीचा कणा म्हणजे ग्रेन. शॉर्ट ग्रेन व्यापाऱ्याकडे तयार मिळेलच असं नाही. मग छत्तीस इंची रीळ घेऊन तेवीसवर कापून घ्यावं लागतं, आणि त्यात दिवस जातात. प्रकाशक विचारतात, कव्हरवर फॉइल कुठलं मारणार? मी विचारते, कागद कधी ठरवताय? पुष्कळदा या प्रश्नाचं उत्तर "प्रकाशन समारंभाची तारीख ठरली आहे" असं असतं.

फॉइलवरून आठवलं. देवनागरीला सोनेरी फॉइल मारणं हे इंग्रजी अक्षरांपेक्षा अवघड काम आहे, हे कोणी पटवून घेत नाही. ब्लॉक म्हणजे अक्षरांचा धातूचा साचा. ब्लॉक गरम, दाब जास्त, की फॉइल पसरतं आणि अक्षरांची पोटं भरतात. दाब कमी केला की उकार आणि रफार उडतात. एकदा पाठीवरच्या शीर्षकातल्या 'धारा'ची 'घारा' झाली. 'ध'च्या डोक्यावर शिरोरेखा जिथे तुटते, ती फट फॉइलने बुजली होती. ध चा मा झालेल्या गावात आम्ही ध चा घ केला. नशीब, पहिल्या अकरा प्रतींवरच दिसलं. आता खरबरीत कापड असेल तर आधी फॉइलशिवाय गरम ब्लॉकचा एक ठसा देतो, कापड दबून सपाट होतं, मग त्याच जागी फॉइलचा दुसरा. वेळ दुप्पट लागतो. शिवाय ब्लॉकला देण्याआधी 'ध' आणि 'भ'च्या फटी डिझायनरकडून मुद्दाम रुंद करून घेतो. डिझायनर मंडळींना ते आवडत नाही.

2013 साली जुनं शिवणाचं मशीन घेतलं. मोठ्या आवृत्त्या त्यावर होतात, क्रमांकाच्या प्रती अजून हातानेच. बाबा मशीनच्या विरोधात होते. महिनाभर शेजारी स्टूल टाकून बसले आणि मग त्याचा ताण कसा लावायचा हे ऑपरेटरला तेच सांगू लागले.

हल्ली संग्राह्य म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं बघून मी गप्प बसते, पण इथे बोलतेच. रंगवलेल्या कडा, फॉइल, रेशमी खूणफीत, चुंबकाची पेटी, आणि आत काय? गरम गोंदात बुडवलेली सुटी पानं. वर पाठीला हेडबँड नावाची रंगीत पट्टी चिकटवलेली असते, ती बघून लोकांना वाटतं पुस्तक शिवलेलं आहे. हेडबँड मीटरवर मिळतो. त्याचा शिवणाशी आता काही संबंध उरलेला नाही. खात्री करायची तर पुस्तक मध्ये उघडा, दर आठ पानांनी किंवा सोळा पानांनी घडीच्या पोटात दोरा दिसला पाहिजे. मग डोळ्यासमोर एक पान उजेडात धरा. पुढच्या बाजूच्या ओळींच्या शिरोरेखा मागच्या बाजूच्या ओळींच्या शिरोरेखांवर बसल्यात का ते बघा. बसल्या असतील तर प्रेसवर कुणीतरी लक्ष देत होतं. नसतील तर ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत मागची छपाई करडी दिसत राहते आणि वाचताना डोळे का दुखतात ते कळत नाही. एवढं बघायला पैसे पडत नाहीत. पुस्तकाची किंमत मात्र दोन-तीन हजार असते.

गेल्या पावसाळ्यात एक सत्तरीचे काका दुकानात आले. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. आमची 2009 ची प्रत. त्यांना तिच्यासाठी पुठ्ठ्याची कापडी केस करून हवी होती. पुस्तक माझ्या हातात देताना स्वतःच ओशाळून म्हणाले, "आमचं घर तळमजल्याला आहे हो, भिंतींना ओल. त्याने पानं अशी झाली. मला नीट सांभाळता आलं नाही."

मी त्यांना ग्रेनचं सगळं सांगितलं. नखाने कड ओढून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, पुस्तक पुन्हा मधोमध उघडून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे आमच्या भिंतीचा दोष नाही तर. बरं, केस कधी मिळेल?"

चार दिवस सांगितले.