तळ्यांनी वेढलेले टेल्च

चेकियातील विसोचिना प्रांतात, मोराव्हियाच्या नैर्ऋत्य भागात वसलेल्या टेल्चची लोकवस्ती जेमतेम पाच हजारांच्या घरात असली, तरी त्याच्या चौकाइतका देखणा चौक माझ्या पाहण्यात नाही. जुन्या गावाला तळ्यांचा वेढा आहे. पूर्वी हेच पाणी संरक्षणाच्या कामी येत असे. 1530 च्या आगीत गाव होरपळले, आणि पुढे ह्रादेत्स घराण्यातील झखारियाश या सरदाराने इटालियन कारागिरांकरवी गढीचा रेनेसाँ शैलीतील प्रासाद करवून घेतला. त्याचेच अनुकरण करत नगरवासीयांनी आपापली घरे सजवली असावीत, असे तेथील कमानींच्या सलग ओवरीतून चालताना वाटत राहते.

एका भिंतीजवळ मी बराच वेळ थांबलो. गडद गिलाव्यावर फिकट थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून काढलेली ही नक्षी, म्हणजेच स्ग्राफितो, जवळून पाहिली की ओरखड्यांची खोली आणि कारागिराच्या हाताचा दाब स्पष्ट जाणवतो. युनेस्कोने 1992 मध्ये या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो सर्वथा उचितच होय.

झखारियाश आणि त्याची पत्नी कातेर्झिना यांची समाधी प्रासादातील प्रार्थनामंदिरात आहे.