कापसाच्या गंजीवर न्यूकॅसल

शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारी फुटबॉलची मॅच इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये, जिथे मी नर्स आहे, घरी बसून टीव्हीवर पाहता येत नाही. वणी तालुक्यातल्या आमच्या गावात ती मोबाइलवर सरळ दिसते. हे सांगितल्यावर वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटने आधी मला वेड्यात काढलं, मग ते खरोखर दुखावले. इंग्लंडात १९६० च्या दशकापासून नियम आहे की शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच कोणतीही मॅच थेट दाखवायची नाही. लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या लहान क्लबच्या मैदानावर जावं, हा हेतू. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. जेवणं आटोपलेली असतात आणि माझे दोघं भाचे कापसाच्या गंजीवर पालथे पडून न्यूकॅसल युनायटेडची मॅच बघत असतात.

गंजी माजघरात आहे, कारण दादाने कापूस विकला नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. खेडा खरेदीवाला त्याच्या खालीच मागतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. त्यात ऑगस्टमध्ये सरकारने बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. दादा म्हणतो, थांबू. म्हणून घरात कापूस, आणि कापसामुळे घरभर सगळ्यांना खाज. मी डिसेंबरात सुटीवर गेले तेव्हा वहिनीने पहिल्यांदा हातात चहा दिला आणि दुसऱ्यांदा खोबरेल तेलाची बाटली.

पोट्टे न्यूकॅसलचे फॅन झाले ते माझ्यामुळे. आत्या तिथे नर्स आहे एवढं कारण त्यांना पुरलं. पण आता त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मी रोज त्या स्टेडियमखालून बसने जाते, आणि कोणत्या खेळाडूचा करार कधी संपतो हे मला गावातून कळतं.

त्या सुटीत भांडायला विषय एकच, अलेक्झांडर इसाक. स्वीडनचा स्ट्रायकर, आईवडील मूळचे एरिट्रियाचे. न्यूकॅसलने २०२२ मध्ये सुमारे ६ कोटी पौंड देऊन त्याला स्पेनमधून आणला. मार्च २०२५ मध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलला हरवून क्लबने लीग कप जिंकला, ७० वर्षांनी देशातला मोठा करंडक, आणि दोनपैकी एक गोल इसाकचा. मग त्याच उन्हाळ्यात ह्याच लिव्हरपूलला जायचं म्हणून तो अडून बसला. सरावाला वेगळा, दौऱ्यावर नाही, इन्स्टाग्रामवर निवेदन की मला दिलेली वचनं मोडली. शेवटी १ सप्टेंबरला साडेबारा कोटी पौंडांना सौदा झाला, ब्रिटनमधला तोवरचा सर्वांत महाग. आपल्या हिशोबाने चौदा-पंधराशे कोटी रुपये.

"तीन साल बाकी होते ना आत्या त्याच्या कराराचे. मंग जाते कसा?" हा मोठा.

"दुप्पट पैसे भेटले ना बे क्लबले," धाकटा म्हणाला. "रडतं कायले?"

"पैसे भेटले त गोल कोन मारन? पैसा मारन का?"

असं रात्री अकरापर्यंत. खेळाडूंचा बाजारभाव सांगणाऱ्या एका जर्मन वेबसाइटवरचे आकडे दोघांच्या तोंडावर. ते आकडे कुठल्या सूत्राने निघत नाहीत, तिथले सभासद आपसात वाद घालून ठरवतात, हे मी सांगितलं तेव्हा धाकट्याला फार आनंद झाला. म्हणजे आपणही ठरवू शकतो! दादा बाजूला तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. म्हणाला, "कापसाचा भाव ठरवाची बी अशी साइट काढा ना बापा एखांदी."

आता ते म्हातारे पेशंट. इकडे पेशंटला पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे, माझ्या जिभेवर ती आली नाही. तोंडाने मी नाव घेते, मनात काकाजी म्हणते. तर हे काकाजी ॲशिंग्टनचे. बॉबी आणि जॅक चार्ल्टन या नामांकित फुटबॉलपटूंचं गाव, जॅकी मिलबर्नचंही, खाणकामगारांचं गाव. स्वतः एलिंग्टनच्या खाणीत होते, ती २००५ मध्ये बंद झाली. आमच्या वणीकडेही खाली कोळसाच आहे, वेकोलिचा, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीचा, ब्लास्ट झाला की घराच्या भिंतीला तडे जातात, रस्त्याकडेच्या पऱ्हाटीवर काळी धूळ बसते, हे कळल्यापासून काकाजींनी मला आपलं मानलं. बीपी घ्यायला गेलं की आधी कोळसा, मग फुटबॉल. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात वर्षभर ते घरी बसले होते. संप मोडून कामावर गेलेल्या शेजाऱ्याशी आजही बोलत नाहीत.

हेच काकाजी इसाकचं नाव काढलं की लाल होतात. करार केलास ना, मग खेळ! मी एकदा धीर करून म्हटलं, त्यानेही संपच केला की. बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाले, आम्ही सगळे मिळून बाहेर पडलो होतो, हा एकटा स्वतःसाठी. मला ते उत्तर अर्धं पटलं. पण जॉर्ज ईस्टहॅमची गोष्ट मला सांगितली ती त्यांनीच, आणि ती सांगताना मात्र ते पूर्ण खेळाडूच्या बाजूने होते.

ईस्टहॅम हा न्यूकॅसलचाच खेळाडू. त्या काळी इंग्लंडात नियम असा की करार संपला तरी क्लब तुमची नोंदणी धरून ठेवू शकतो. पगार बंद केला तरी दुसरीकडे खेळता येणार नाही. वर पगारालाही मर्यादा होती, जानेवारी १९६१ मध्ये ती उठली तेव्हा आठवड्याला २० पौंड. १९६० मध्ये ईस्टहॅमचा करार संपला, त्याला जायचं होतं, क्लब सोडेना. तर हा गडी दक्षिणेत सरेकडे जाऊन बुचाचं लाकूड विकू लागला. काही महिन्यांनी क्लब वाकला आणि ४७,५०० पौंडांना त्याला आर्सेनलला दिलं. तरी खेळाडूंच्या युनियनच्या आधाराने त्याने न्यूकॅसलवर खटला चालवलाच. १९६३ मध्ये न्यायाधीश विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की माणसाला असं धरून ठेवणं हे त्याच्या धंद्यावरचं गैरवाजवी बंधन आहे. पुढे १९९५ मध्ये बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या कोर्टाने सांगितलं की करार संपल्यावर जुन्या क्लबला पैसेही मागता येणार नाहीत. आज इसाकसारख्याला जो जोर आहे त्याची सुरुवात ह्या बुच विकणाऱ्यापासून झाली, असं मला वाटतं.

ही गोष्ट मी गंजीपाशी सांगितली. पोट्ट्यांना ती जुनी आणि कंटाळवाणी वाटली. पण खाटेवर पडलेले बाबा उठून बसले. बाबांनी तरुणपणी दुसऱ्याच्या वावरात साल केलं आहे, म्हणजे वर्षाच्या ठरावावर मजुरी. ते स्वतः कधी फार बोलत नाहीत.

"मंजे सालदारच म्हन ना," ते म्हणाले. "पन आमचं पाडव्याले साल सरे. पाडवा झाला का आमी मोकळे."

दादा हसला. "मोकळे कायचे बाबा? उचल फिटली नसन त?"

"थे वेगळं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "उचल असन त नाही मोकळा."

मोठ्या भाच्याने लगेच इसाककडे गाडी वळवली. ह्याच्यावर काय उचल होती? सहा कोटी पौंड त्याने घेतले नव्हते, ते स्पेनच्या क्लबला गेले. तरी लोक असं बोलतात जसं काही ते त्याने फेडायचे आहेत. मी हे म्हटलं तर दोघंही माझ्यावर उलटले. आत्या लिव्हरपूलवाली झाली म्हणे!

क्लबचा राग आणखी एका गोष्टीसाठी यायला हवा, पण ती हिशोबाची असल्यामुळे तिच्यावर कोणी गळा काढत नाही. प्रीमियर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेचा, २०२४ मध्ये नियम होता की तीन वर्षांत तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या वर जाता कामा नये. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून लिहितात. पण आपल्याच अकादमीत वाढलेल्या पोराची खरेदी किंमत शून्य, तो विकला की सगळी रक्कम नफा. म्हणून तोटा झाकायचा तर घरचाच पोरगा विकणं सोपं. २०२४ मध्ये न्यूकॅसलने इलियट अँडरसनला असाच सोडला. पोरगा जवळच्या व्हिटली बेचा, लहानपणापासून ह्याच क्लबात. वर्षभराने तो इंग्लंडकडून खेळत होता. जगातल्या अतिश्रीमंत मालकांपैकी एकाचा क्लब, आणि गावचं पोर विकावं लागतं!

मालक म्हणजे सौदी अरेबिया. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारी गुंतवणूक निधीने क्लबचा ८० टक्के हिस्सा घेतला, एकूण व्यवहार ३० कोटी पौंडांच्या थोडा वर. त्या दिवशी लोक डोक्याला टॉवेल गुंडाळून स्टेडियमबाहेर नाचले. काकाजींचं म्हणणं, तो नाच जुना मालक गेल्याचा होता. असेलही. पण मार्च २०२२ मध्ये सौदीत एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला गेला आणि दुसऱ्याच दिवशी न्यूकॅसलची मॅच चेल्सीशी होती. चेल्सीचा रशियन मालक अब्रामोविच, त्याच्यावर त्याच आठवड्यात युक्रेन युद्धामुळे निर्बंध आले होते. पत्रकारांनी विचारलं तेव्हा न्यूकॅसलचे मॅनेजर एडी हाऊ म्हणाले की आपण फक्त फुटबॉलबद्दल बोलू. शहरातही हेच. इसाकच्या किमतीवर वॉर्डात अर्धा तास आरडाओरडा चालतो, मालकाचा विषय काढला की चहाची वेळ होते. विरोध करणारा चाहत्यांचा एक छोटा गट आहे, त्यांच्याकडे बाकीचे लग्नात रडणाऱ्याकडे बघतात तसं बघतात.

ज्या राजकारणाबद्दल लोक मोठ्याने बोलतात ते आमच्याबद्दलचं, बाहेरून आलेल्यांबद्दलचं असतं. मे २०२५ मध्ये शेजारच्या डरहॅम काउंटीची सत्ता बाहेरून येणाऱ्यांना विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाकडे गेली. त्याच महिन्यात लेबर सरकारने जाहीर केलं की कायम राहण्याचा हक्क पाच वर्षांऐवजी साधारण दहा वर्षांनी मिळावा. काकाजींच्या समोरच्या खाटेवरचे गृहस्थ मला म्हणाले, बाहेरचे फार झालेत, तू सोडून. अंगात त्यांच्या न्यूकॅसलच्या ब्रुनो गिमारेसच्या नावाचा काळा-पांढरा शर्ट. ब्रुनो ब्राझीलचा. मी त्यांची सलाइन बदलली. ह्या 'तू सोडून'ची मला आता सवय आहे, आणि ती झाली ह्याचाच राग येतो.

गावात उलट. तिथे सौदीवर बोलायला कोणी लाजत नाही, अपवाद शेजारच्या चाचांचा. ते बरीच वर्षं दम्मामला क्रेन चालवत होते. मोठा तावातावाने सांगत होता की सौदीवाले क्लब घेतात ते नाव धुवायला, २०३४ चा वर्ल्ड कपही त्यासाठीच घेतला. चाचा ऐकत होते. मग म्हणाले, "माह्या घराचा स्लॅब त्यायच्याच पैशानं पडला. मी काय बोलू?"

"चाचा, तुमी काम केलं ना थे. त्यायनं फुकट देल्लं का?"

"पासपोर्ट दोन साल मालकाजवळ होता," चाचा म्हणाले. "काम बी केलं." आणि घरी गेले. मला वाटलं, पोट्टा आता गप्प होईल. तो म्हणाला, चाचाले २०३४ चे तिकीट मागतो.

२० डिसेंबरला रात्री लिव्हरपूलची टॉटनहॅमशी मॅच होती. इसाकने गोल मारला आणि त्याच क्षणी समोरच्याचा पाय त्याच्या पायावर आला. नडगीशेजारचं हाड मोडलं. गंजीवर आधी शिट्ट्या वाजल्या, मग रिप्ले दिसला तसे दोघंही चूप झाले. धाकटा हळूच म्हणाला, आता कितीले घेईन कोनी त्याले? मोठ्याने हिशोब सुरू केला: वय २६, सहा वर्षांचा करार, चार-पाच महिने गेले.

बाबा खाटेवरून सगळं ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "त्याचे खाडे कापतात का गं?"

म्हटलं, नाही बाबा. करार आहे, घरी बसूनही आठवड्याचा पगार पूर्ण मिळतो.

"पुरा?"

"पुरा."

"माहा हात मोडला होता त दीड महिन्याचे खाडे कापले होते," बाबा म्हणाले, आणि पोट्ट्यांना सांगितलं की त्याचा करार लिहिणारा वकील कोण आहे ते त्या मोबाइलवर बघा.